आईचा हयातीचा दाखला घरबसल्या निघाला, त्यानिमित्ताने निलेकणींच्या आधारबद्दल

ज्यांच्या घरात पेन्शनर माणूस आहे त्यांना नोव्हेंबर महिना म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. दिवाळी उरकते न उरकते तोच हयातीच्या दाखल्याची घाई सुरू होते, कारण तो वेळेत गेला नाही की पेन्शन अडकलीच. आमचे बाबा रेल्वेत होते, ते गेल्यापासून आईला फॅमिली पेन्शन आहे. आई आता ७८ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले, आणि दरवर्षी तिला रिक्षात बसवून बँकेत न्यायचं (कुठली बँक ते सांगत नाही, माणसं तिथली वाईट नाहीत), तिथे टोकन घ्यायचं, बाकावर बसायचं आणि नंबर आला की त्या छोट्या काळ्या मशीनवर बोट ठेवायचं.

आणि बोट उमटायचंच नाही. आईने चाळीस वर्षं घरी फॉल-पिकोची कामं केलीत, शिवाय राखेने भांडी घासणारी पिढी, बोटांच्या टोकांवर रेषा म्हणून काही राहिलेल्याच नाहीत. अंगठा झाला, मग तर्जनी, मग दुसरा हात, मग "मावशी हात जरा पुसा", मग आई पदराला बोट घासतेय, मागे रांग चुळबुळतेय, आणि शेवटी तो मुलगा म्हणतो उद्या सकाळी या, सकाळी मशीन नीट चालतं. दोन वर्षांपूर्वी असे तीन हेलपाटे झाले. तिसऱ्या दिवशी परत येताना रिक्षात आई एवढंच म्हणाली, "मी जिवंत आहे हे मी सांगून चालत नाही होय गं, बोटाने सांगायला पाहिजे." तिला राग नव्हता आला, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

म्हणून गेल्या नोव्हेंबरात ठरवलं, चेहऱ्यावरून दाखला काढता येतो म्हणतात तो करून बघायचा. जीवन प्रमाण ही ऑनलाईन हयातीच्या दाखल्याची सरकारी सेवा तशी १० नोव्हेंबर २०१४ पासूनची आहे, पण आधी तिला बोटांचं नाहीतर डोळ्यांचं वेगळं मशीन लागायचं, त्यामुळे घरी करणं आपल्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हतं. २०२१ च्या नोव्हेंबरपासून मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवून करता येतं, आणि हा एक बदल एवढा मोठा आहे की मला तर वाटतं त्याची जाहिरात गल्लोगल्ली लावायला पाहिजे होती.

आता करायचं कसं ते सांगते. दोन ॲप लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि दुसरं आधार फेस आरडी. हे दुसरं उघडायला गेलात तर त्यात बघण्यासारखं काही दिसत नाही, काळजी करू नका, ते मागच्या मागे काम करतं. आधी 'ऑपरेटर' म्हणजे जो फोन हाताळणार आहे त्याचा आधार नंबर, मोबाईल, ईमेल, ओटीपी आणि चेहरा. हे एकदाच करावं लागतं, आणि पेन्शनर स्वतःच ऑपरेटर असला तरी चालतं. मग पेन्शनरचा आधार नंबर, ओटीपी, मग पेन्शनचा प्रकार, कोण मंजूर करतं, कुठल्या बँकेतून येते, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर आणि खाते नंबर. पीपीओचा कागद आधीच काढून ठेवा, आमच्याकडे तो बाबांच्या ट्रंकेत रेल्वेच्या जुन्या पासांखाली होता, तो शोधण्यात जो वेळ गेला तो गेला, बाकी ॲपवर सात-आठ मिनिटंच लागली.

मधे एक प्रश्न येतो, पुनर्विवाह केला आहे का. मी तो आईला वाचून दाखवला. आई आधी काही बोलली नाही, मग बाबांच्या फोटोकडे बघून म्हणाली, "नाही म्हणावं." मी 'नाही' वर टिचकी मारली. नियमाने विचारायलाच लागत असेल, कारण फॅमिली पेन्शन त्यावर अवलंबून असते, पण तो क्षण मला आठवतो.

मग चेहरा. पहिल्यांदा झालं नाही ते आमच्या चुकीने, आई खिडकीला पाठ करून बसली होती, चेहऱ्यावर अंधार. उठवून भिंतीसमोर बसवली, चष्मा काढला, उजेड समोरून घेतला. स्क्रीनवर गोल येतो, त्यात चेहरा धरायचा आणि डोळे मिटून उघडायचे. आईला म्हटलं डोळे मिचकाव, तिने दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि देवाला नमस्कार केल्यासारखी बसून राहिली. दुसऱ्या वेळेला जमलं. हिरवं झालं आणि थोड्या वेळाने एसएमएस आला, त्यात प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा नंबर. बँकेला तो दाखला आपोआप दिसतो, कागद नेऊन द्यायचा नाही. डिसेंबरात पेन्शन वेळेवर जमा झाली. आईने पासबुक भरून आणायला लावलं तेव्हाच तिची खात्री पटली.

तर सेवा म्हणून माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क, यात काही कंजूषी नाही. ज्या बाईची बोटं तीन दिवस नापास होत होती तिचा चेहरा दहा मिनिटांत पास झाला. पण हे झाल्यावर मला प्रश्न पडला की हे सगळं उभं कशावर आहे, आणि मग मी नंदन निलेकणींबद्दल जे मिळेल ते वाचत सुटले.

आपल्याकडे निलेकणी म्हटलं की इन्फोसिस. कंपनी १९८१ साली सात जणांनी सुरू केली ती पुण्यात, बंगळुरूला नंतर गेली, हे पुणेकर अभिमानाने सांगतात ते बरोबरच आहे. निलेकणी मुंबईच्या आयआयटीतून १९७८ ला बाहेर पडलेले, नंतर २००२ ते २००७ कंपनीचे सीईओ. आणि २००९ मध्ये हा माणूस सगळं सोडून सरकारात गेला, यूआयडीएआयचा, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेचा अध्यक्ष म्हणून, कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा घेऊन. बघा म्हणजे, दर्जा मंत्र्याचा पण खातं नाही, कायदा नाही, ऑफिस नियोजन आयोगाच्या छत्राखाली, आणि काम काय तर शंभर कोटींच्या वर माणसांना एकेक नंबर द्यायचा आणि एका माणसाला दोन नंबर जाता कामा नयेत.

पहिला आधार नंबर दिला गेला तो आपल्या महाराष्ट्रात, हे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं. २९ सप्टेंबर २०१०, नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका, टेंभली गाव. पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते, सोनिया गांधी होत्या, निलेकणी होते, आणि नंबर मिळाला तो गावातल्या एका बाईंना. दिल्लीच्या विज्ञान भवनात पण करता आलं असतं ना, पण नंदुरबारला गेले, कारण ज्याच्याकडे रेशनकार्ड सोडून दाखवायला काही नाही त्याच्यासाठी हे आहे असं म्हणणं होतं. नंतर पत्रकार त्याच गावात परत गेले तेव्हा लोकांनी सांगितलं की नंबर आहे पण हाताला काम नाही, तेही वाचलंय मी, आणि ते पण तितकंच खरं आहे. नंबराने काम मिळत नाही. नंबराने एवढंच कळतं की ही बाई तीच बाई आहे.

आणि माझ्या मते निलेकणींचं सगळ्यात मोठं कर्तृत्व हेच आहे, की त्यांनी ही गोष्ट एवढीशी ठेवली. कंपनीतून आलेला हुशार माणूस सरकारात गेला की त्याला सगळंच करावंसं वाटतं, मोठं पोर्टल, शंभर सुविधा, प्रत्येक खात्याचं एकेक बटन. यांनी काय घेतलं तर नाव, पत्ता, जन्मतारीख, लिंग, फोटो, दहा बोटं, दोन बुबुळं. मोबाईल नंबर दिला तर दिला. जात नाही, धर्म नाही, उत्पन्न नाही, आणि हा नागरिकत्वाचा पुरावा नाही हे पहिल्यापासून सांगितलेलं. कोणी विचारलं की हा तोच माणूस का, तर मूळ कल्पना अशी की उत्तर फक्त हो किंवा नाही. बस. एवढंसं असल्यामुळेच त्यावर दुसऱ्यांना काहीही उभं करता आलं, गॅसची सबसिडी थेट खात्यात आली, सिमकार्ड पाच मिनिटांत मिळायला लागलं, कागदपत्रं मोबाईलवर ठेवायचं डिजीलॉकर आलं, आणि आईचा दाखला आला, ज्याची कल्पना २००९ मध्ये कोणी केली असेल असं मला वाटत नाही.

बुबुळांचं मुद्दाम सांगते. तेव्हा बोटांवरच भागवा, बुबुळं महाग पडतील असं म्हणणारे होते. पण शेतात, बांधकामावर, भांड्याधुण्यात हात झिजलेल्यांचं काय, आणि एवढ्या कोटी लोकांत दुबार नोंदणी पकडायला बोटं पुरतील का, म्हणून बुबुळंही घ्यायची असं ठरलं. आणि दुबार कोण आहे हे शोधायचं काम एकाच कंपनीला न देता तिघींना एकदम दिलं, जिचं काम चांगलं तिला जास्त काम. हे मला फार आवडलं. हे टेंडर काढणाऱ्या बाबूला सुचलं नसतं, आणि नुसत्या कंपनीवाल्याला सरकारात राबवता आलं नसतं. तिथेच राम सेवक शर्मांचं नाव घ्यायला पाहिजे, ते आयएएस अधिकारी, यूआयडीएआयचे पहिले महासंचालक, फाईल कुठे अडते आणि कशी सुटते ते त्यांना माहीत. एक बाहेरचा आणि एक आतला अशी ती जोडी होती, लोक फक्त बाहेरच्याचं नाव घेतात.

आता जे पटत नाही ते. हे सगळं बरीच वर्षं कायद्याशिवाय चाललं. २०१० चं विधेयक यशवंत सिन्हांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने २०११ च्या डिसेंबरात नाकारलं, तरी नोंदणी चालूच राहिली, २०१४ पर्यंत ६० कोटींच्या आसपास नंबर गेले सुद्धा, आणि कायदा आला २०१६ मध्ये, तोही मनी बिल म्हणून, म्हणजे राज्यसभेला अडवता येणार नाही असा. कंपनीत हे चालतं हो, आधी करून दाखवा मग परवानगी, पण इथे लोकांच्या बोटांचे ठसे घेतलेत, ॲप आवडलं नाही म्हणून डिलीट करता येत नाही. सुप्रीम कोर्टात शेवटी जे व्हायचं ते झालं, २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे (योगायोग असा की त्याच दिवशी निलेकणी इन्फोसिसचे अध्यक्ष म्हणून परत गेले), आणि २६ सप्टेंबर २०१८ ला चार विरुद्ध एक असा आधारचा निकाल लागला. आधार टिकलं, सरकारी योजना आणि पॅनला जोडणं टिकलं, पण बँक खात्याला आणि मोबाईलला सक्ती गेली. तो एक विरोधातला न्यायाधीश म्हणजे आपले धनंजय चंद्रचूड, त्यांनी मनी बिल करणं हीच राज्यघटनेशी फसवणूक म्हटलं. मी आधारच्या बाजूची आहे, आईमुळे तर आहेच, पण ते म्हणणं खोडून काढता येईल असं मला वाटत नाही.

आणि निलेकणींनी एवढंसं ठेवलेलं ते नंतर सगळ्यांनी मिळून मोठं करून ठेवलं. जिथे बघावं तिथे आधारची झेरॉक्स. शाळेत, हॉलवर, लॉजवर, कुरियरवाल्याकडे. नंबर खरा की खोटा ते मशीनने तपासायचं म्हणून ही सगळी यंत्रणा उभी केली आणि आपण काय करतोय तर कागदावर छापून वाटतोय. कृपा करून एवढं करा, झेरॉक्स द्यायचीच असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, अधिकृत वेबसाईटवर आणि एमआधार ॲपवर मिळतं. डाऊनलोड केलेल्या फाईलला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. हे आईला पाठ झालंय आता, शेजारणींना तीच सांगते. आणि बायोमेट्रिक लॉक करायची सोय पण आहे, आपण ठशांचा वापर करत नसू तेव्हा लॉक करून ठेवायचं. काही अडलं तर फोन नंबर १९४७, स्वातंत्र्याचं साल, विसरणार नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे, ती म्हणजे मशीनने 'नाही' म्हटल्यावर पुढे काय. कागदावर सगळं आहे, बोट नाही तर डोळे, डोळे नाहीत तर चेहरा, काहीच नाही तर जुना कागदी फॉर्म अधिकाऱ्याच्या सहीने. सगळे रस्ते आहेत. पण काउंटरवर बसलेल्या मुलाला ते कोणी शिकवलेले नसतात, किंवा स्वतःच्या जबाबदारीवर करायची त्याला भीती वाटते, म्हणून तो म्हणतो उद्या या. निलेकणींचा माणूस म्हणून जोर आकड्यांवर, किती कोटी झाले, रोज किती लाख, आणि एवढा मोठा डोंगर चढायचा तर तसं बघावंच लागतं. पण शंभरातले दोन जरी अडले तरी आपल्याकडे ते दोन कोटींच्या वर जातात, आणि ते दोन नेहमी तेच असतात, म्हातारे, कष्टकरी, बोटं झिजलेले. त्यांच्यासाठी जो माणूस लागतो तो नेमायला कुणी मंत्र्याचा दर्जा घेऊन आलं नाही.

कंपनीतून सरकारात गेलेल्याचं दुसरं उदाहरण म्हणून युक्रेनचं मी मुद्दाम वाचलं, तिथे मिखाइलो फेदोरोव नावाचा तरुण, स्वतःची डिजिटल मार्केटिंगची कंपनी चालवणारा, २०१९ मध्ये २८ व्या वर्षी थेट उपपंतप्रधान आणि डिजिटल परिवर्तन मंत्री झाला, आणि २०२० मध्ये त्यांचं दिया ॲप आलं, त्यात लायसन्स, ओळखपत्र सगळं मोबाईलवर. त्याला पूर्ण मंत्रालय मिळालं. निलेकणींना तसं मिळालं असतं तर? माझ्या मनात दोन्ही येतं. कायदा आधी झाला असता, काउंटरवरच्या माणसापर्यंत हात पोचला असता. पण हातात मंत्रालय असतं तर ही गोष्ट एवढीशी राहिली असती का, याची मला खात्री नाही. २०१४ ला ते पद सोडून काँग्रेसकडून दक्षिण बंगळुरूतून लोकसभेला उभे राहिले आणि अनंत कुमारांकडून हरले. सरकार बदललं, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं आता आधार गुंडाळणार, आणि उलट ते वाढलं. ज्याने बांधलं तो हरला आणि बांधलेलं टिकलं, सरकारी कामात असं फार वेळा बघायला मिळत नाही, एरवी नवा आला की जुन्याची पाटी आधी उतरते.

तर ज्यांच्या घरी पेन्शनर आहेत त्यांनी हा चेहऱ्याचा दाखला नक्की करा, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, सगळे तेव्हाच करतात. ८० च्या वरच्यांना तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. फोन अँड्रॉइड, कॅमेरा ५ मेगापिक्सेलच्या वरचा, नेट चांगलं. घरात जमणारं कोणी नसेल तर पोस्टाचा माणूस घरी येऊन करून देतो, तेही चालतं. आणि आईवडिलांना दुकानात नेऊन कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर त्यांचा ओटीपी सांगू नका, हे हात जोडून सांगते.

आईचं झाल्यावर आई दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंना घेऊन आली, हिचं पण कर म्हणाली. काकूंचं झालं नाही. त्यांच्या पेन्शनच्या कागदावर जन्मतारीख १ जून, शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली, आणि आधारवर १ जानेवारी, कारण नोंदणीच्या वेळी दाखला जवळ नव्हता आणि नुसतं वय सांगितलेलं. नावात पण एक अक्षर इकडचं तिकडे. त्या वर्षी त्यांना कागदी फॉर्मवरच बँकेत जाऊन यावं लागलं, मी गेले बरोबर. आता शाळा सोडल्याचा दाखला गावाहून मागवलाय, पुतण्याने जाऊन शाळेतून काढून आणलाय, पिवळा पडलेला जुना रजिस्टरचा उतारा, त्यावर मास्तरांचं ते वळणदार मोडीसारखं अक्षर. आधार केंद्राची वेळ गुरुवारी सकाळी साडेदहाची मिळालीये. आई पण येणार म्हणतेय, गुडघ्यांचं बघू म्हणाली.